झरोक्यावरचं झाप

१

सकाळी मागच्या खोलीचं दार शेवटी पहारीनं उचकटावं लागलं. पावसात लाकूड फुगून चौकटीत घट्ट बसलं होतं, आणि आतून कडीही होती. दार निघालं तसा आधी गरम, कोंदट झोत बाहेर आला. आत घमेल्यात विझत आलेले निखारे, त्यावर उपडा घातलेला बांबूचा डालगा, डालग्यावर सुकत टाकलेला काजू कारखान्याचा निळा एप्रन, आणि शेजारी चटईवर विशीतली एक मुलगी. श्वास चालू होता, पण ती हाकेला ओ देत नव्हती.

भाडेकरू सारिका तिला हलवत रडत सुटली. तिच्यामागं घरमालक अलीमियाँ उभे होते. सत्तरी ओलांडलेला माणूस. त्यांनी दार फोडणाऱ्या पुतण्याकडं बघितलं, सारिकाकडं बघितलं आणि विचारलं, "ह्या चेडू कोणाचा?"

आपल्या घरात कोण निजतं हे आपल्यालाच ठाऊक नाही, हे त्यांना त्या घटकेला कळलं.

मुलीला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, कोंडलेल्या धुराचा वायू अंगात भिनलाय, थोडा उशीर झाला असता तर हातची गेली असती. तिचा बाप बाबली गावडे आतल्या गावातून मिळेल त्या वाहनानं धावत आला. दवाखान्यातून तो थेट अलीमियाँच्या परसात गेला आणि खोलीला बाहेरून फेरी मारली. खोलीला खिडकी नाही, वरच्या अंगाला एक झरोका तेवढा आहे. त्या झरोक्यावर माडाच्या चुडताचं विणलेलं झाप बाहेरून बांधलेलं होतं. हिरवं, ताजं, आदल्याच दिवशीचं.

"माझ्या चेडवाक कोणीतरी कोंडून मारूक बघलो," बाबली म्हणाला.

मी हे काही डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पण वेंगुर्ल्यात एखादी गोष्ट घडली की पाहणाऱ्यापेक्षा न पाहणाऱ्याला जास्त तपशिलानं कळते, आणि मी तर वकील.

२

माझं नाव शर्मिला. भाडेकरूंची भांडणं हाच माझा धंदा म्हटलं तरी चालेल, आणि एवढ्या वर्षांत मी एक शिकलेय. भांडणाऱ्या माणसांची मला कधी भीती वाटत नाही, ती मनात असेल ते ओकून मोकळी होतात. मला धास्ती असते ती सभ्य, समजूतदार माणसांची.

अलीमियाँ त्याच सकाळी माझ्याकडं आले. ऑफिसची पायरी चढली की आमच्याकडची माणसं पुस्तकी मराठी बोलू लागतात.

"वकीलबाई, माझी एक विनंती आहे," ते म्हणाले. मग खुर्चीत बसले, डाव्या हातानं टोपी काढली आणि त्यांची पुस्तकी मराठी संपली. "बाय, माका कायच म्हायत नाय गो. मुलगी वाचांदे, मगे माका काय करूचा ता करा."

बाबलीनं फौजदारांना सांगितलं होतं की मुलीला डोळे उघडू दे, तिचा शब्द ऐकतो आणि मग तक्रार लिहून देतो. तक्रारीत दोन नावं जाणार होती. एक घरमालक अलीमियाँ, दुसरं त्यांचा पुतण्या एजाज. सारिकाला जागा रिकामी करायला लावायची म्हणून काका-पुतण्यांनी हा डाव केला, असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. डॉक्टरांच्या मते ती संध्याकाळपर्यंत शुद्धीवर येणार होती, म्हणजे माझ्याकडं तेवढाच वेळ होता.

"भाडेकरून परस्पर कोणाक ठेवला, तर माझो गुन्हो काय?" अलीमियाँनी विचारलं.

"चाचा, तुमचा करार सारिकाशी. त्या मुलीशी तुमचं काही बोलणं नाही, हे खरं. पण भिंत तुमची, झरोका तुमचा. राहणारं माणूस कोणीही असो, घरात वारा खेळतो की नाही हे बघणं मालकाकडं येतं. आणि मला ठाऊकच नव्हतं एवढं म्हणून कोणी सोडत नाही. पहिला प्रश्न हाच येतो की तुम्ही विचारलंत का?"

त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "इचारूक नाय. सारिकाचा घर ता सारिकाचा. तेच्यात नाक कित्याक घालू?"

मी छत्री उचलली आणि त्यांच्याबरोबर घरी गेले.

घर चिऱ्याचं, वर कौलं. पुढच्या बाजूला अलीमियाँ आणि त्यांची बायको जुलेखा, दुसऱ्या अंगाला सारिका. मागची खोली मूळ घराची नव्हे. लाकूडफाटा ठेवायला मागाहून जोडलेली, वर स्लॅब, आणि दार सारिकाच्या स्वयंपाकघरातून. परसातून तिच्यात जायला वाटच नाही.

मी झरोक्याखाली उभी राहिले. स्लॅबचा छज्जा भिंतीपासून चांगला पुढं आलेला होता. परसात पाणीच पाणी होतं, पण छज्ज्याखालची माती कोरडी. त्या मातीत स्टुलाच्या पायांचे चार खळगे उमटले होते. जवळच्या दगडी गडग्यावर मी चढले आणि हात लांबवून झाप थोडं उचललं. मागं काळ्या प्लास्टिकचा दुमडून जाड केलेला कागद होता. झाप दोन जुन्या खिळ्यांना फडक्याच्या पट्ट्यांनी नीट, गाठ मारून बांधलेलं.

पावसाळ्यात आमच्याकडं घराला झापांची झडी बांधतात, त्यात नवल नाही. पण ती बांधतात पावसाचा मारा अडवायला. या झरोक्यापर्यंत पाऊस पोचतच नव्हता. मग झाप कशासाठी?

३

एजाज मागच्या पडवीत बसला होता. तिशीचा, सहा फुटी, बोलायला फटकळ. रेडी बंदरावर कामाला आहे, तिथंच राहतो. ईदनंतर पहिल्यांदाच तो काकाकडं मुक्कामाला आला होता, आदल्या दुपारी. आणि नेमकी त्याच रात्री ही गोष्ट घडली.

"शर्मिलाताय, तुमी माका वळाखतास," तो म्हणाला. "भांडान म्हणशात तर भांडान. सारिकाची बाजू खाली झाली तर थंय होमस्टे करूचो आसा, ता मी तिका तोंडार सांगलंय. काल मापा घेवक इलंय. पण मी कोणाक मारीन?"

"करार कोणी केला होता?"

"मी. मोबाईलवरसून उतरून घेतलंय. पोटभाडेकरू ठेवल्यास जागा रिकामी करावी लागेल, असा तेच्यात आसा. चाचाक असला कायच सुचना नाय, तेंका कोणीय फसवीत."

"काल रात्री कुठं झोपलास?"

"हयच, या पडवीत."

मी त्याच्या शेजारी बसून बघितलं. पडवीतून झरोका बरोबर समोर दिसत होता.

"काल रात्री तिथं काही दिसलं? उजेड, माणूस?"

"काळोख होतो. कोण आत आसा ता कळाला असता तर रातीच बोंब मारलंय असतंय," तो म्हणाला, आणि मग त्याचा आवाज उतरला. "ताय, दार मी फोडलंय. ती चटयेवर पडलेली, माझ्या बहिणीच्या वयाची. माझ्यापासून पाच पावलांवर ती घुसमटत होती आणि मी घोरत होतंय."

त्याचे डोळे भरले. खोटं बोलणारा माणूस मी रोज बघते. हा त्यातला वाटला नाही. पण वाटण्यावर तक्रार थांबत नाही. ती चार खळग्यांवर थांबली असती. एजाजनं नुसता हात वर केला तरी झरोका त्याच्या हाताला लागतो, त्याला स्टूल कशाला हवं?

अलीमियाँचं तर त्याहून सोपं होतं. त्यांचा उजवा खांदा धरलाय, हात वरच जात नाही, टोपीसुद्धा ते डाव्या हातानं घालतात. दोन खिळ्यांना दोन गाठी मारणं त्यांच्यानं होणार नाही.

म्हणजे तक्रारीत जाणारी दोन्ही नावं चुकीची होती. पण बाबलीला ते सांगायचं तर बरोबर नाव हातात हवं होतं.

४

सारिका दवाखान्यातून कपडे न्यायला घरी आली होती. चाळिशीची, कारखान्यात काजूगर निवडायला बसते, एकटीच असते. मला बघताच म्हणाली, "ती कालच इली, ताय. एका रातीची पावणी."

मी तिला मागच्या खोलीत घेऊन गेले. जमिनीवर घमेल्याच्या बुडाचे काळे गोल होते. एक नव्हे, एकात एक अडकलेले बरेच. काही फिकट झालेले, काही पुसायचा प्रयत्न केलेले.

"सारिका, तुझ्या पाहुणीनं एका रात्रीत इतक्या वेळा घमेलं हलवलं?"

ती खाली बसली. मग सगळं बाहेर आलं.

मुलीचं नाव आकांक्षा. कारखान्यात सारिकाच्या शेजारी बसायची. गावाहून रोज एसटीनं येऊन-जाऊन करायची. पाऊस लागला आणि एका संध्याकाळी वाटेतल्या व्हाळाचं पाणी रस्त्यावर आलं, गाडी गेलीच नाही. सारिकाला ती स्टँडवर भिजलेली, कुडकुडत बसलेली दिसली.

"तशीच सोडून येवचा होता काय, ताय?" सारिका म्हणाली. "घेवन इलंय. मगे म्हटला, पाऊस सरापर्यंत रवांदे. बापाशीक फोन करून सांगला. पण हय कोणाक सांगूक नाय. एजाजचो कागद आसा ना. माका भायर काढल्यानी तर मी जावचा खंय?"

"म्हणून मागच्या खोलीत ठेवलीस."

"पुढे चाचा-चाची येतत, जातत. आणि कपडे पडवीत घालूचे कसे? दोरयेर दोन बायकांचे कपडे दिसले असते. म्हणान ती आत सुकवी. घरी कशी सुकवतत तशी, निखाऱ्यांर डालगो घालून."

म्हणजे लपायचं होतं म्हणून कपडे आत, आणि कपडे आत म्हणून निखारे आत. मला त्या घमेल्याकडं बघवेना.

"झरोका तू झाकलास?"

"मी? मी तर काल दिवसभर कारखान्यात. आणि वारो येवचो एकच वाट, ती मी कशी बंद करीन?"

"या घरात कोणाला संशय आला होता का? चाचीला?"

"चाचीक काय कळता! भोळी ती." सारिकाला त्याही स्थितीत थोडं हसू आलं. "मायाळू तर इतकी. शुक्रवारची सांदणां करता, सुक्या सुंगटांची किसमूर करता, माका वाटगो भरून देता. हल्ली तर मोठो टोपच देता. म्हटला, चाची, एकटीक इतक्या कित्याक? तर म्हणता, उरला तर सकाळी खा. आमी दोघांनी पोटभर खाल्लांव."

मी तिच्याकडं बघतच राहिले.

"टोप कधीपासून मोठा झाला, सारिका?"

तिनं आठवायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात तिचा फोन वाजला. मुलीनं डोळे उघडले होते.

५

आकांक्षा फिकट पडली होती, पण बोलत होती. बाबली कॉटच्या कडेला तिचा पाय धरून बसला होता. पाय सोडला तर ती पुन्हा जाईल, असं त्याला वाटत असावं. दारात फौजदार उभे होते. त्यांनी मला खुणेनं आधी विचारू दिलं.

"झरोका तू झाकलेला पाहिलास का गो?"

"होय. संध्याकाळी कामावरून इलंय तर काळोख. माका वाटला, सारिकाताईन बांधला. पावसाक." ती थांबली, दम घेतला. "एप्रन ओलो होतो. दुसऱ्या दिवशी घालूचो होतो. करवंटे पेटवलंय, निखारे झाले तसो डालगो घातलंय. निजाच्या आधी घमेला सारिकाताईच्या चुलीकडे नेवन ठेवतंय रोज. काल दमलंय, डोळो लागलो."

"तुला भीती नाही वाटली? बंद खोलीत निखारे?"

"घरात आमी अशेच सुकवतो," ती म्हणाली. "बाबाच निखारे भरून देतत. माझ्या उशाकडेच आसतत रातभर. माका कायच होणा नाय."

बाबलीनं मान वर केली. त्याच्या घराला कौलं आहेत. कौलांतून धूर जातो, वारा येतो, रात्रभर घर आपोआप श्वास घेत असतं. स्लॅबला तशी फटच नसते. हे त्याला कोणी समजावायची गरज पडली नाही, त्याच्या चेहऱ्यावर ते उतरलेलं मला दिसलं. लेकीला ही सवय त्यानंच लावली होती.

पण तो बाप होता, आणि बापाला राग धरायला कोणीतरी लागतं.

"निखारे आमचे," तो म्हणाला. "पण झाप कोणाचा? वारो कोणी बंद केलो? ता माका सांगा, वकीलबाय. नायतर मी दोगांची नावा देतंय. त्या म्हाताऱ्याचा आणि त्या पुतण्याचा."

"दिवेलागणीपर्यंत थांब," मी म्हटलं. "नाव मी आणून देते."

बोलून बसले खरी. पण रिक्षात बसल्यावर माझं मन काही थाऱ्यावर नव्हतं, कारण नाव मला तोवर कळलं होतं आणि ते न कळतं तर बरं, असं वाटत होतं.

६

जुलेखाचाची स्वयंपाकघरात होती. ठेंगणी, गोरी, डोक्यावर पदर. चुलीवर तांदळाच्या रव्याची, नारळाच्या दुधातली सांदणं वाफवत होती, पण ती शिजून बराच वेळ झाला होता आणि तिच्या ते लक्षात नव्हतं. सकाळपासून ती घराबाहेर पडली नव्हती, कोणाशी बोलली नव्हती. भिंतीला टेकून एक लाकडी स्टूल होतं. त्याच्या पायांना सुकलेली माती.

मी आपणहून पाट ओढून बसले.

"चाची, मी काय विचार केला तो सांगते. चुकत असेल तर थांबव."

तिनं चुलीतलं लाकूड आत सरकवलं.

"त्या झरोक्याला पाऊस लागत नाही. छज्जा आहे. म्हणजे झाप पावसासाठी नव्हतं. कोणाला जिवे मारायचं असतं तर झाप कशाला, झापातून वारा जातो. वारा अडला तो मागच्या काळ्या कागदानं. पण काळा कागद वाऱ्यासाठी घालत नाहीत. तो घालतात उजेडासाठी. झापाच्या फटींतून दिवा दिसला असता, म्हणून कागद. आणि वर झाप अशासाठी, की पावसाळ्यात वेंगुर्ल्यात घराघराला झाप असतं. त्याकडं कोणी वळून बघत नाही."

चुलीतलं लाकूड तडतडलं.

"आता खोलीतला उजेड बाहेर दिसू नये, असं कोणाला वाटेल? वाईट करणाऱ्याला त्याचं काय पडलंय? उजेड लपवतो तो आतल्या माणसाला वाचवायला. काल एजाज आला. तो मागच्या पडवीत झोपणार होता, आणि पडवीतून झरोका समोर दिसतो. त्याला दिवा दिसला असता तर मुलगी सापडली असती आणि सारिकाचं घर गेलं असतं. म्हणजे झाप बांधणारं माणूस त्या दोघींचं चांगलं बघणारं होतं."

"मगे सारिकान बांधला आसात," चाची खालमानेनं म्हणाली.

"सारिकानं आतून पडदा लावला असता. मुलीला दिवा मालव म्हणाली असती. तिला स्टूल घेऊन परसात यायचं काय कारण? बाहेरून तोच बांधतो, ज्याला आत जाता येत नाही. म्हणजे ज्याला ती मुलगी तिथं आहे हे ठाऊक आहे, पण ठाऊक आहे असं दाखवायचं नाहीये."

पुढचं वाक्य मला जड गेलं.

"चाची, सारिकाच्या वाटग्याचा टोप झाला तो मुलगी आली त्याच आठवड्यात ना?"

तिनं पदर तोंडाला लावला आणि ती रडायला लागली. आवाज न करता, सगळं अंग हलवत. मी उठून तिच्या शेजारी बसले.

"पयल्याच दिवशी कळला," ती म्हणाली. "भिंतीपल्याड दोन बायकांचा हसणा आयकाक येय. सारिका एकटी कधी हसा नाय. माका बरा वाटला गो. म्हटला, लपवतत तर लपवंदेत. इचारलंय तर लाजतीत. मियांक सांगलंय तर तेंका खोटा बोलूक येणा नाय, एजाजाक सांगतीत. म्हणान मी आपली गप. जेवण तेवढा वाढवून देय."

"आणि काल?"

"एजाज अवचित इलो, मियांबरोबर पुढे बसलो. दोगीय कामावर. सांगूचा कोणाक? परसातला चुडत घेतलंय, विणलंय, बांधलंय. आत ती निखारे ठेवता ता माका खंय म्हायत? मी कधी आत जावकच नाय. एकदा जरी इचारलंय असतंय, गो, हय कशी रवतंस, काय करतंस, तर..." तिला पुढं बोलवेना. "मी मारलंय तिका, शर्मिला. माझ्या हातांनी."

दारात कधी अलीमियाँ येऊन उभे राहिले होते, आम्हां दोघींना कळलं नव्हतं. ते बायकोकडं बघत होते. रागावलेले नव्हते. एवढ्या वर्षांच्या संसारात घरातली एक गोष्ट आपल्याला सांगितली गेली नाही, आणि का सांगितली नाही हेही पटतंय, अशा माणसाचा जसा चेहरा होतो तसा तो होता.

"जुलू," ते म्हणाले, "माका सांगलास असतास तर मी काय तिका भायर काढलंय असतंय?"

"नाय," चाची म्हणाली. "पण इचारूचो धीर होवक नाय."

७

मी चाचीला सांगितलं की तू येऊ नकोस, नाव मी सांगते, कायद्याचं मी बघते. बाबली काय करील याची खात्री नव्हती. तिनं ऐकलं नाही. डोक्यावरचा पदर नीट केला, टोपातली सांदणं डब्यात काढली आणि माझ्याआधी रिक्षात जाऊन बसली. अलीमियाँ आले, एजाज आला.

दवाखान्यात दिवे लागले होते. फौजदार कागद घेऊन बसले होते. चाची सरळ बाबलीसमोर जाऊन उभी राहिली.

"झाप मी बांधलंय," ती म्हणाली. "मियांन नाय, पोरान नाय. मी. तुमच्या चेडवाचो दिवो कोणाक दिसू नये म्हणान. नाव घालूचा तर माझा घाला."

बाबली तिच्याकडं बघत राहिला. ज्या माणसासाठी त्यानं सकाळपासून राग साठवला होता, ते माणूस असं डबा घेऊन समोर येईल, हे त्याच्या हिशोबात नव्हतं. मी झापाचं, कागदाचं, टोपाचं सगळं सांगितलं. सारिका ऐकता ऐकता मटकन बाकावर बसली. "चाची, तुका म्हायत होता?" एवढंच तिच्या तोंडून आलं.

मग अलीमियाँ बोलले. फौजदारांशी पुस्तकी मराठीत बोलायला गेले आणि अर्ध्यात ती सोडून दिली.

"साहेब, बायकोची चूक मी मानतो. पण पहिली चूक माझी आहे. सारिकाचा घर सारिकाचा, असा म्हणान मी मान फिरवलंय. छप्पर माझा. तेच्या खाली कोण निजता ता माका म्हायत व्हया होता. इचारणा म्हणजे नाक खुपसणा नाय, ता माका आता कळाला."

एजाज खाली बघत म्हणाला, "आणि तो कागद मी फाडतंय. नवीन शर्मिलातायकडसून करून घेवया. कोण रवाक येता ता सांगूचा, एवढाच तेच्यात ठेवया."

लेकीचा पाय अजून बाबलीच्या हातात होता. शेवटी त्यानं तो हळूच चादरीखाली सारला.

"निखारे उशाक ठेवूक मीच शिकवलंय तिका," तो फौजदारांना म्हणाला. "पयला नाव माझाच घालूचा लागात. जावंदे साहेब. माका तक्रार देवची नाय."

फौजदारांनी कागदाची घडी केली. अशा प्रकरणात त्यांना त्यांचंही काही लिहावं लागतं, ते त्यांनी नंतर लिहिलं. घरमालकानं राहणाऱ्यांची माहिती पोलिसांना दिली नव्हती याची समज अलीमियाँना मिळाली, आणि ती त्यांनी मान खाली घालून घेतली. झरोक्याला आता जाळी आहे आणि त्या खोलीत पुन्हा लाकडंच असतात.

पण मला सांगायचंय ते त्या संध्याकाळचं. सगळे बाहेर गेल्यावर चाची आकांक्षाच्या उशाशी बसली. डबा उघडला, सांदणाचा एक तुकडा मोडला, मुलीच्या तोंडाशी धरला. मुलीनं तो खाल्ला आणि चव ओळखून चाचीकडं बघितलं.

"इतके दिवस जेवूक घातलंय तुका," चाची म्हणाली, "पण एक इचारूक नाय. तुजा नाव काय गो?"

नाव तोवर सगळ्या वेंगुर्ल्याला ठाऊक झालं होतं. चाचीनं स्वतः ते दिवसभरात कितीदा ऐकलं असेल. चाचीला ते ठाऊक असणार, हे मुलीलाही कळत होतं. तरी तिनं सांगितलं.

"आकांक्षा."

"मी जुलेखा." चाचीनं तिच्या कपाळावरचे केस मागं सारले. "बरी झालंस काय पुढच्या दारान येवचा. माझ्या बाजूची खोली रिकामीच आसा. आणि कपडे पडवीतल्या दोरयेर घालूचे. दिसांदेत सगळ्यांका."